वायच उजवीकडे

चतुर्थी तोंडावर आली असताना गावाहून काकांचा फोन आला. "गेलो," काका म्हणाले आणि थांबले. मी खुर्चीत सावरून बसलो. कोण गेलं, कधी, काय वय होतं, हे सगळे प्रश्न एकदम जिभेवर आले. तेवढ्यात काकांनी खुलासा केला, "शिग्नल रे. टीव्हीचो. वांदरान छत्रीर उडी मारल्यान."

मालवणीत 'गेलो' म्हणजे 'गेला'. पुण्यातला माणूस 'गेलो' म्हणतो तेव्हा तो स्वतः जातो. मालवणी माणूस म्हणतो तेव्हा दुसरं कोणीतरी जातं. एवढा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्यावरून एक बाका प्रसंग यायचा आहे.

आमच्या खानदानात सायन्स शिकलेला मी एकटा. बीएस्सी, फिजिक्स, सेकंड क्लास. त्यानंतरची पस्तीस वर्षं मी बँकेत काढली, तिथे फिजिक्सचा संबंध आला तो फक्त पंख्याखालची खुर्ची पटकावताना. पण गावात हा खुलासा कोणी ऐकून घेत नाही. पंप बंद पडला, मोबाइलला रेंज नाही, काकीचा गुडघा दुखतो, सगळ्याला उत्तर एकच: "पुण्याचो येवंदे, तो सायन्स शिकलो हा."

आम्ही पोचलो तेव्हा टीव्ही चालू होता. निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' असं लिहिलेली एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश फिरत होती आणि काकी तांदूळ निवडत तिच्याकडे बघत बसली होती. "चार दिस ह्याच लागला हा," ती म्हणाली. कार्यक्रम बरा असावा, असा सूर होता.

छत्री न्हाणीघराच्या स्लॅबवर. घर कौलारू, त्यामुळे कौलांवर चढायची सोय नाही. न्हाणीघर तेवढं सिमेंटचं, आणि म्हणून आमच्या घराचा अवकाशाशी जो काही संबंध आहे तो न्हाणीघरामार्फत आहे. डिश फ्री डिशची. दूरदर्शनने ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं. आमच्या काकांच्या स्वभावाला इतकी जुळणारी दुसरी कुठलीही सरकारी योजना मला माहीत नाही.

चतुर्थीच्या आठवड्यात बाजारातला डिशवाला मिळणं म्हणजे भटजी मिळण्यापेक्षा कठीण. तरी काकांनी त्याला आम्ही यायच्या आधी गाठला होताच. पोरगा चलाख. आला तो मोटरसायकलवरून, खिशातून तळहाताएवढा मीटर काढला, केबलला मध्येच जोडला. काटावाला मीटर, सिग्नल लागला की काटा वर जातो आणि मीटर किंचाळतो. त्याने डिश पकडून इकडून तिकडे फिरवली, मीटरने आरोळी ठोकली, याने नट आवळला आणि खाली येऊन टीव्हीच्या मेनूत दोन पट्ट्या दाखवल्या. वरच्या पट्टीवर लिहिलं होतं स्ट्रेंथ, ८०. खालच्या पट्टीवर क्वालिटी, ०.

"ऐंशी! सेट झाला," तो म्हणाला.

"पण चित्र खंय?" काका म्हणाले.

"क्वालिटी येतली मगे," असं सांगून त्याने तीनशे रुपये घेतले आणि पुढच्या घरी गेला. काकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. चार दिवस रोज सकाळी उठून ते टीव्ही लावत आणि क्वालिटी आली का बघत, पिकत घातलेल्या आंब्याची अढी चाचपून बघावी तसे.

आता या दोन पट्ट्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण डिशच्या प्रकरणात माणूस फसतो तो इथे. डिशच्या पुढे दांड्यावर जो ठोकळा असतो त्याला एलएनबी म्हणतात. काका त्याला बोंडू म्हणतात, आणि काजूचं बोंड लटकावं तसाच तो दिसतो. डिश आभाळातल्या लहरी गोळा करून या बोंडावर टाकते, बोंड त्या वाढवून केबलमधून खाली पाठवतं. पण बोंडाला चांगलं-वाईट कळत नाही. समोरून जे येईल ते वाढवायचं एवढंच त्याचं काम. दुसऱ्या उपग्रहाचा सिग्नल आला, वाढव. समोरच्या भिंतीची ऊब आली, वाढव. काहीच आलं नाही तर स्वतःच्याच पोटातली गुरगुर वाढव. ही सगळी बेरीज म्हणजे स्ट्रेंथ. डिश रिकाम्या आभाळाकडे वळलेली असताना बोंडासमोर तुम्ही नुसतं डोकं नेलंत तरी चांगल्या मीटरचा काटा वर चढतो, कारण आभाळ थंड असतं आणि तुमचं डोकं गरम. आयुष्यात माझ्या डोक्यामुळे एखादा आकडा वाढल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

क्वालिटी वेगळी. जो सिग्नल हवा आहे तो आजूबाजूच्या गोंगाटातून किती स्वच्छ सुटा होतोय, त्यातला किती मजकूर न चुकता वाचता येतोय, त्याचं ते माप. आमच्या गावात हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. खाडीपलीकडच्या वाडीत चतुर्थीचा लाऊडस्पीकर लागतो. आवाज आमच्या पडवीत एवढा येतो की भांड्यावरचं झाकण थरथरतं. पण वाजतंय काय, आरती, भजन, की हरवलेल्या म्हशीची सूचना, हे देवालाही कळत नाही. स्ट्रेंथ ऐंशी, क्वालिटी शून्य. काकांना हा दाखला तात्काळ पटला. "म्हणजे आमची ग्रामसभा," ते म्हणाले, आणि मी विषय पुढे नेला.

पोराचा मीटर किंचाळला तो खोटा नव्हता. त्याला उपग्रह सापडला होता, फक्त शेजारचा. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर हे उपग्रह चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीने बसलेले आहेत. तिथून पृथ्वीभोवती एक फेरी घ्यायला बरोबर एक दिवस लागतो, म्हणून खालून बघणाऱ्याला ते जागचे हलत नाहीत असं वाटतं. आर्थर क्लार्कने १९४५ साली एका लेखात ही युक्ती मांडली होती, तेव्हा माणसाने एकही उपग्रह सोडलेला नव्हता. आता तिथे दाटी आहे. ८३ अंशावर एका कंपनीचं बिऱ्हाड, ९५ वर दुसरीचं, १०८.२ वर तिसरीचं. फ्री डिशचं बिऱ्हाड ९३.५ अंश पूर्वेवर, जीसॅट १५ नावाच्या उपग्रहात. हा इस्रोचा, नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कौरूहून उडाला. म्हणजे ९३.५ आणि ९५, मध्ये अंतर दीड अंशाचं. काटावाल्या मीटरला दोन्ही सारखेच. त्याला दारावरची पाटी वाचता येत नाही. दार उघडलं की तो ओरडतो. पाटी वाचतो तो घरातला डबा. नेमकी फ्रीक्वेन्सी, नेमका सिम्बॉल रेट जुळला तरच तो क्वालिटीची पट्टी हलवतो, नाहीतर शून्यावर बसून राहतो. मला या डब्याबद्दल तेव्हापासून आदर आहे. आमच्या बँकेत मी असा एकच हेड कॅशियर पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूत्रं हाती घेतली. आधी दिशा. सिंधुदुर्गातून ९३.५ अंशाचा उपग्रह दिसतो आग्नेयेला, थोडा पूर्वेकडे सरकून, आणि क्षितिजापासून साठ अंश वर. मोबाइलमधलं होकायंत्र लावलं. ते लोखंडी खांबाजवळ नेलं तर आग्नेय, दोन पावलं मागे घेतलं तर दक्षिण. काका म्हणाले, "आग्नेय व्हयी मां? रांदपाचा घर आग्नेयेक. आजोबांनी बघून बांधलेला. तकडे तोंड कर." मोबाइल बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं. वास्तुशास्त्राचा एवढा शुद्ध तांत्रिक उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

मग उंची. इथे काका आणि माझ्यात पहिला मतभेद झाला. "ही समोरच्या काजीकडे बघता," काका डिशकडे बोट करून म्हणाले. "उपग्रह काय काजीर बसलो हा?" दिसायला तसंच दिसतं खरं. या छोट्या डिशा ऑफसेट जातीच्या असतात. त्यांचं तोंड जिकडे दिसतं त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून त्यांना ऐकू येतं. समोर बघून वरचं ऐकणारी ही वस्तू आहे. मी हे काकांना तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि माझी पाठ वळताच डिश वायच वर केली.

'वायच' म्हणजे थोडंसं. मालवणीतलं हे सर्वात मोठं आणि सर्वात लहान माप. वायच मीठ, वायच पाणी, वायच बस, वायच सरक. किती ते विचारायचं नसतं. मी विचारलं.

"वायच म्हणजे किती?"

"वायच म्हणजे वायच!"

तेव्हा मी स्लॅबवर बसून हिशेब केला, कारण कोणीतरी तो करायला हवा. डिश साठ सेंटिमीटरची. तिची कड सहा मिलिमीटर हलली, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीच्या निम्मं, की तिकडे उपग्रहाच्या अंतरावर तिची नजर सातशे किलोमीटर सरकते. मुंबईहून नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे काकांनी एकदा वायच केलं की आभाळात आख्खा समृद्धी महामार्ग पार होतो, आणि तोही टोल न भरता. आणि काका एका दमात तीन-तीनदा वायच करत होते.

मांडणी अशी होती. स्लॅबवर काका, हातात बारा नंबरचा पाना. वय ७४ असूनही त्यांनी तो माझ्या हाती द्यायला साफ नकार दिला. खाली अंगणात मी. माजघरात टीव्हीसमोर काकी. मध्ये ओटीवर माझा भाचा, बातमी इकडून तिकडे पोचवायला. गाऱ्हाण्यात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी होय म्हाराजा करायचं, तशी साखळी.

माझ्या लहानपणी पुण्यात हीच साखळी अँटेनासाठी लागायची. पुण्यातले सगळे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे, कारण दूरदर्शनचा मनोरा गडावर. मोहिमेला निघाल्यासारखी ती रांग दिसायची. बाबा गच्चीत, आई खिडकीत, मी जिन्यात. "आता?" "मुंग्या!" "आता?" "कमी मुंग्या!" "आता?" "दोन बायका दिसतायत!" "एकच आहे ती, अजून फिरवा!" त्या काळचा सिग्नल मनाचा मोकळा होता. बिघडला तरी बिघडलेला तोंडावर दाखवायचा. मुंग्या वाढल्या की समजायचं चुकतंय, कमी झाल्या की समजायचं जमतंय. कावळा दांडीवर बसला तर तोही चित्रात कळायचा. वाट चुकल्याचं पावलोपावली सांगणारा असा वाटाड्या पुन्हा मिळाला नाही.

डिजिटलचं तसं नाही. तो एकतर लख्ख दिसतो नाहीतर दिसतच नाही. शिवाय डब्याला सिग्नल ओळखून पकडायला तीन-चार सेकंद लागतात, आणि सगळा घोळ तिथे होतो. काका डिश फिरवतात. डबा विचार करत असतो. काही आवाज येत नाही म्हणून काका आणखी फिरवतात. तेवढ्यात डब्याचा विचार पूर्ण होतो, काकी ओरडते, "इलो!" भाचा ओरडतो, "इलो!" पण काका तोवर दोन वायच पुढे गेलेले. "गेलो!" भाचा, "गेलो!" काका मागे येतात, घाईत जास्त मागे. "इलो!" "गेलो!" ही बातमी नेहमी मागच्या वायचची असते, वर्तमानपत्रासारखी.

अर्ध्या तासाने काकांचा धीर सुटला. ते स्लॅबच्या कडेला आले आणि ओणवे होऊन खणखणीत आवाजात ओरडले, "गेलो? गेलो!! गेलो रे गेलो!"

माझी बायको साताऱ्याकडची. ती परसात दूर्वा निवडत होती. छपरावरून म्हाताऱ्या माणसाचा "गेलो रे गेलो" असा आवाज आल्यावर साताऱ्याकडच्या माणसाने जे करायला हवं तेच तिने केलं. दूर्वा टाकल्या, दोरीवर वाळत घातलेली गोधडी ओढली आणि धावत येऊन न्हाणीघराखाली ती दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. "अहो काका, धरा कशाला तरी! अहो, बघताय काय, दुसरी बाजू धरा!" हे दुसरं मला. मी धरली. काकांनी वरून आमच्याकडे बघितलं. गोधडी धरून उभे असलेले आम्ही नवरा-बायको, मागे हसून लोळण घेणारा भाचा. काका म्हणाले, "गे सूनबाई, मी नाय गेलंय. शिग्नल गेलो."

या गोधडीचा पुढे उपयोग झाला, म्हणून तिचं इतकं सांगितलं. साखळीने काम होत नाही हे उघड होतं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल करावा तर स्लॅबवर रेंज येते आणि माजघरात येत नाही. तेव्हा भाच्याने सुचवलं की टीव्हीच बाहेर आणू. आणला. न्हाणीघराच्या पायरीशी स्टूल, स्टुलावर टीव्ही, त्याच्या बाजूला डबा, माजघरातून वायर. पण उन्हात पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याखेरीज काही दिसेना. मग ती गोधडी टीव्हीवर आणि माझ्या डोक्यावर. पूर्वी फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचे, तसा मी गोधडीत शिरलो. आत घामाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि दहीभाताचा वास, आणि समोर दोन पट्ट्या. रस्त्यावरून जाणारे लोक काकांना विचारत होते, "काय रे, गोधडेत कोण? ताप इलो काय?"

आत बसल्यावर मात्र माझं शिक्षण जागं झालं. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की एखाद्या गोष्टीचा सर्वात जास्त बिंदू शोधायचा असेल तर थेट माथा शोधू नये. माथ्यावर सगळं सपाट असतं, तिथे फरक कळत नाही. दोन्ही बाजूंचे उतार शोधावेत आणि मधोमध यावं. मी काकांना फर्मान सोडलं. फिरवायचं ते अर्धा वायच. मग हात काढायचा. मग मोठ्याने पाच अंक मोजायचे. मग मी सांगेन.

काकांनी हे मान्य केलं ते केवळ सूनबाई अजून खाली उभी होती म्हणून.

क्वालिटी शून्यावरून एकदम ३८ वर उडाली. पडद्यावर मागे कोणीतरी बातम्या वाचायला लागलं. काकी टाळ्या वाजवत आली, "झाला! झाला! आता हात लावू नको!" हा सगळ्यात धोक्याचा क्षण. नव्वद टक्के घरांत काम इथेच थांबतं, कारण चित्र स्वच्छ असतं. ३८ ला जितकं स्वच्छ, तितकंच ७५ ला. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो दिसतो पाऊस आल्यावर. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. जोराच्या सरीतले थेंब त्यांना गिळतात. ३८ वाल्याचं चित्र पहिल्या सरीला चौकोन-चौकोन होऊन फुटतं आणि ७५ वाल्याचं टिकतं. क्वालिटीचा वरचा आकडा हा चित्रासाठी नसतोच, ती पावसाळ्याची बेगमी असते. गोठ्यात गवत किती रचलंय ते मार्गशीर्षात कळत नाही.

तेव्हा पुढे. काका पूर्वेकडे नेत गेले: ५२, ६६, ६९, ६८, ६१, ४०, शून्य. जिथे शून्य झालं तिथे खांबावर खडूची रेघ. परत दक्षिणेकडे: चढ, माथा, उतार, शून्य, रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी. मग तसंच वर-खाली. मग बोंडू त्याच्या पट्ट्यात किंचित पिळून पाहिला, कारण लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारांनी येतात आणि बोंडू त्यांच्याशी तिरका बसला तर एकीचं दुसरीत मिसळतं. ६९ वरून ७४. गोधडीतून मी हर्षाने ओरडलो.

आता नट आवळायचा. ज्याने कधी डिश बसवली असेल तो इथे माझ्याबरोबर उसासा सोडेल. नट आवळताना डिश हलते. ७४ वर उभी असलेली डिश पान्याच्या शेवटच्या पिळाला ५१ वर येते. सैल करा, ७४. आवळा, ५१. चार वेळा झाल्यावर काकांनी असा तोडगा काढला की डिश आधीच उलट बाजूला वायच चुकीची ठेवायची आणि आवळताना बरोबर येऊ द्यायची. भाताच्या गोणीचं तोंड बांधतानाही ते असंच करतात म्हणे. ७३ वर घट्ट बसली. एक आकडा मी सोडून दिला.

आकड्यांवरून आठवलं. हे टक्के कोणी ठरवून दिलेले नाहीत. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे याचं खरं माप डेसिबलमध्ये असतं. त्याचं टक्क्यांत रूपांतर प्रत्येक डबेवाला आपापल्या मर्जीने करतो. तीच डिश, तीच केबल, एका डब्यावर ७३ आणि दुसऱ्यावर ९०. शेजारच्या भाऊजींनी संध्याकाळी येऊन "आमच्याकडे ब्याण्णव आसा" असं सांगितलं, तेव्हा काका दोन तास गप्प होते. मी त्यांना समजावलं की हे दोन वेगळ्या शाळांतल्या मास्तरांनी दिलेले मार्क आहेत. त्यांनी विचारलं, "तुका सेकंड क्लास खंयच्या मास्तरान दिलो?"

रात्री वारा सुटला आणि क्वालिटी नाचायला लागली. ७३, ४५, ७०, ३०. पाऊस नाही, आभाळ मोकळं. अर्धा तास मी केबल तपासली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पिनेतल्या तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढतो आणि नंतर सगळे डिशला शिव्या देतात; पण पीन स्वच्छ होती. उत्तर काकीने दिलं, टॉर्च वर मारून. माड. दहा वर्षांपूर्वी छत्री बसवली तेव्हा तो माड लहान होता आणि आता छत्रीच्या वर चाळीस फूट गेला होता. साठ अंशात बघायचं असेल तर चाळीस फूट वर गेलेलं झाड तेवीस फुटांच्या आत असलं की आडवं येतं, आणि आमचा माड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर, अगदी आग्नेयेला, छत्रीपासून वीस फुटांवर. त्याची एक झावळ वाऱ्याबरोबर आमच्या आणि जीसॅट १५ च्या मध्ये ये-जा करत होती.

माड तोडायचा प्रश्नच नव्हता, आजोबांनी लावलेला. झावळ तोडायला माणूस मिळाला चतुर्थीच्या सकाळी, पूजेला अर्धा तास असताना. त्याने वर चढून विचारलं, "खयची?" काका खालून ओरडले, "वायच उजवीकडची!" त्याने बरोबर तीच तोडली. वायच किती ते त्याला विचारावं लागलं नाही. आरती चालू असताना आतल्या खोलीत क्वालिटी ७३ वर स्थिर होती. मी जाऊन बघून आलो. पाचव्या दिवशी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला धो धो पाऊस झाला, तेव्हा ती ४४ पर्यंत उतरली. चित्र गेलं नाही.

निघताना कोळशाने न्हाणीघराच्या भिंतीवर लिहून ठेवलं: स्ट्रेंथ ८१, क्वालिटी ७३, आभाळ निरभ्र. पुढच्या वेळी बिघडलं तर कशाशी ताडून बघायचं ते माहीत असावं म्हणून. तुमच्याही घरी डिश असेल तर एखाद्या स्वच्छ दिवशी हा आकडा बघून कुठेतरी लिहून ठेवा. आणि खालच्या पट्टीचा लिहा.

महाळाचे दिवस आले. सप्टेंबर संपत होता. सकाळी अकरा वाजता फोन. "गेलो." आता मी शिकलो होतो. वय विचारलं नाही. विचारलं, "ऊन आहे?"

"लख्ख."

"मग काही करू नका." आणि मी सांगितलं की सप्टेंबरअखेरीचे आणि मार्चच्या मध्याचे काही दिवस आपल्याकडून बघताना सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. डिश उपग्रहाकडे बघते तशी सूर्याकडेही बघते, आणि सूर्याचा गोंगाट एवढा मोठा की त्यात उपग्रहाचं बोलणं बुडून जातं. आपल्या या उपग्रहाची वेळ अकराच्या सुमाराची. स्ट्रेंथ उलट वाढलेली दिसेल. क्वालिटी शून्य. पाच-दहा मिनिटांत सूर्य पुढे सरकतो आणि सगळं पूर्ववत होतं. हात लावायचा नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, "पण मी वायच फिरवलंय."

दिवाळीला गेलो तेव्हा खडूच्या रेघा शोधून डिश परत ७२ वर आणली. बारा नंबरचा पाना आता पुण्यात, माझ्या टेबलाच्या खणात आहे.